मुंजाबामामांनी चाखलेली राख

मुंजाबामामा मेंढरांच्या तोंडी जाणारी प्रत्येक गोष्ट आधी स्वतःच्या जिभेवर ठेवत. पेंड असो, ओढ्याची खारी माती असो, नाहीतर जंताचं औषध असो. औषध चाखताना पाहून मी एकदा त्यांच्यावर ओरडलोच होतो. ते तोंड वाकडं करत म्हणाले, "मुक्या जित्राबाला काय सांगता येतं का? मग आपणच चाखून बघावं." त्यांच्या वडिलांचीही हीच रीत होती. वाळूजपलीकडच्या आमच्या वस्तीवर या सवयीला कुणी हसत नसे, कारण चाळीस वर्षांत मामांचं एकही मेंढरू विषबाधेनं गेलं नव्हतं.

मी रामकिसन, त्यांचा शेजारी. शेत बापाचं होतं, पण पोट कारखान्यावर. औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात मी बॉयलर सांभाळायचो. पुढचं सगळं माझ्या त्या नोकरीमुळं घडलं, म्हणून तिच्याबद्दल सांगणं भाग आहे.

बॉयलरला भुशाचे आणि पऱ्हाट्यांचे दाबून केलेले ठोकळे लागत. २०१५ साली पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा दगा दिला. कपाशी गुडघ्यालाही आली नाही, मग पऱ्हाट्या कुठल्या? ठोकळे मिळेनासे झाले तसा मालक भंगारवाल्याकडून माल आणू लागला. रेक्झिनचे तुकडे, रंगवलेली फळकुटं, तारांची आवरणं, फाटके बूट. जळतंय ना, मग झालं. मी फावड्यानं ते आत ढकलायचो आणि गुमान पगार घ्यायचो. राख दोन जातींची निघे. भट्टीखाली खडबडीत, खिळ्यांनी भरलेली. आणि चिमणीच्या अलीकडं कापडी पिशव्या होत्या, त्यांत धुराबरोबर उडालेली राख अडकायची. ती पिठासारखी मऊ, करडी आणि हलकी असायची.

मेंढरांना चाऱ्यासारखी मिठाचीही भूक असते. आधी मामा त्यांना ओढ्याकाठच्या खाऱ्या मातीवर सोडत. शहर आमच्या अंगावर चालून आलं, गायरानाच्या कडेनं प्लॉट पडले आणि तो ओढा मुरूम टाकून बुजवला गेला. मेंढरं घरांच्या भिंती चाटू लागली. मामा कारखान्याच्या फाटकाशी आले ते उवा-गोचिडांवर चोळायला राख मागायला. मी दोन्ही दाखवल्या. खालची त्यांनी पायानं बाजूला सारली. बारीक राखेची चिमूट जिभेवर ठेवली आणि त्यांचा चेहरा फुलला.

"आरं रामकिसना, ही तर खारी हाय! मिठावानी!"

"मामा, कारखान्याची राख आहे ती."

"इस्तवातून निघालेली चीज. इस्तवात कसली घाण राहती?"

आमच्याकडं राखेनं दात घासतात, बियाण्याला राख चोळतात, जखमेवर राख दाबतात. तिच्यावर संशय कोण घेणार? मी घ्यायला हवा होता. आत काय जळतं ते मला ठाऊक होतं, मामांना नव्हतं. पण ती राख टाकायला जागा उरली नव्हती आणि मालकानं माझ्यामागं भुणभुण लावली होती. मी दोन पोती भरून दिली. वर उपकार केल्याचा आव आणला.

मेंढरं राखेवर तुटून पडली. एक पोतं मामांनी माझ्याच मोटारसायकलवर फुलंब्रीकडं नेऊन दिलं, लेकीला. सत्यशीला त्यांची एकुलती एक. लग्नात मामांनी तिला दोन मेंढ्या दिल्या होत्या, तिनं त्यांच्या नऊ केल्या. सासरी तिचं म्हणावं असं तेवढंच होतं. "घे, तुझ्यासाठी मीठ आनलंय," मामा म्हणाले, तेव्हा ती खळखळून हसली होती.

तीन आठवड्यांनी मामांची मेंढरं दात खाऊ लागली. आंधळ्यासारखी चालायची आणि भिंतीला डोकं टेकवून तशीच उभी राहायची. डॉक्टर आले, त्यांनी राख पाहिली आणि मला विचारलं, "भट्टीत काय जाळता?" मी सांगितलं. मामा माझ्याकडं बघत राहिले. ती नजर अजून माझ्या मानेवर बसलेली आहे.

डॉक्टर म्हणाले, नुसता भुसा जळला असता तर राख शेतालाही चालली असती. पण रंग आणि तारा जळल्या की त्यांतलं शिसं वाफेसारखं वर जातं आणि निवलं की सगळ्यात बारीक राखेवर बसतं. खारटपणाही तिथंच येतो. ही राख पाण्यात पडली तर तेही नासेल.

मामांनी आधी स्वतःच्या मेंढरांचं काही विचारलंच नाही. माझा मोबाईल ओढून घेतला. "सत्यशीले, ती राख देऊ नको गं! इख हाय ती!" पलीकडून ती म्हणाली, "दिलीच नाय बाबा अजून. पोतं तसंच बांधून ठेवलंय." मामा मातीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. पुढच्या पंधरवड्यात त्यांच्या बत्तीसपैकी एकोणतीस मेंढ्या गेल्या. प्रत्येक खड्ड्यावर माती लोटताना ते म्हणायचे, "पोरीची वाचली. लई झालं."

ते पोतं परत आणायला मी फुलंब्रीला गेलो. पोतं अर्धं रिकामं होतं आणि मेंढरांचं वाडगं पूर्ण. शेवटची मेंढी फोनच्या आदल्या दिवशी गेली होती. सत्यशीला म्हणाली, "दादा, तुमाला माजी शपथ. बाबाला तेवढाच आधार राहिलाय." मी होकार दिला. नाही म्हणायला माझ्यापाशी तोंड कुठं होतं?

आमच्याकडं कुणाचा कळप बुडाला की सोयरे एकेक कोकरू देतात, त्यातून पुन्हा कळप उभा राहतो. मामांनी हौसेनं पहिलं कोकरू लेकीकडं मागितलं. घरचा वाण परत येईल म्हणून. चार दिवसांनी ती एक कोवळी मेंढी घेऊन आली. मामांच्या मेंढ्यांचे कान पिढ्यान्‌पिढ्या आखूड, हिचे गालाखाली लोंबत होते. मामांनी ते कान बोटांत धरले. मग लेकीच्या गळ्याकडं पाहिलं. तिथं सोन्याचं डोरलं नव्हतं, नुसता काळा दोरा होता.

"आपल्याच वाणाची हाय," मामा म्हणाले. "अगदी आपल्याच."

ती गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "एक तरी राहिली का रं तिची?" मी नकारार्थी मान हलवली. "तिला कळू देऊ नको मला कळलंय ते. तिला वाटू दे, बापाला सुखात ठेवलं." मला त्यांनी एक शिवी दिली असती तरी बरं झालं असतं. दिली नाही.

मामा चार वर्षांनी वारले. अंगणात बायका रडत होत्या. सत्यशीलानं मला बाजूला घेतलं. तिचे डोळे सुजले होते.

"दादा, खरं सांगा. बाबाला शेवटपर्यंत कळलं नाय ना?"

"नाय," मी म्हणालो.