सातवी पास

सोयरीक जुळावी म्हणून माहेरच्यांनी मला सातवी पास सांगितलं होतं. खरं तर माझी शाळा चौथीतच सुटली, आणि इंग्रजी पाचवीपासून असायचं.

दहावीतली माझी लेक हळद निवडता निवडता इंग्रजी क्रियापदांची रूपं तोंडपाठ म्हणायची. तपासायला वही माझ्याकडं द्यायची. ती अडखळली नाही की मी "बराबर" म्हणायचे.

सराव परीक्षेत ती इंग्रजीत नापास झाली. "आई, निम्मी रूपं चुकली. तू बराबर काहून म्हणत होतीस?"

बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती. मी पहिल्यांदाच खरं सांगितलं.

तिनं डोळे पुसले आणि दाराकडं पाहिलं. "हळू बोल, बाबा ऐकतील," म्हणाली, आणि वही माझ्या हातातून काढून घेतली.