वगळलेलं वलय

इथे जूनमध्ये अंधार पडत नाही. त्यामुळे जाग कुठे संपते आणि झोप कुठे सुरू होते, ते कळत नाही. फिनलंडच्या उत्तरेला, सरोवराकाठच्या लाकडी खोलीत मी पडले आहे. दुपारचे तीन वाजलेत. पडद्यातून ऊन आत येतं आहे. सकाळी आम्ही सरोवराच्या तळातून एक पाइनचा ओंडका वर काढला, त्याने खांदे भरून आले आहेत. आइला, म्हणजे हे संशोधन केंद्र सांभाळणारी बाई, स्वयंपाकघरात भांडी लावते आहे. तो आवाज आधी जवळून येतो, मग लांबून. मग येत नाही.

पलंगाच्या पायथ्याशी कानविंदे सर बसले आहेत.

अंगात तोच करडा बिनबाह्यांचा स्वेटर. पुण्यात एप्रिलमध्येसुद्धा तो ते घालायचे. मांडीवर लाकडाची एक गोल चकती आहे आणि ते ती पॉलिश पेपरने घासताहेत. सरांना जाऊन चार महिने झाले, हे मला ठाऊक आहे. तरी मी उठून उभी राहते. पंचवीस वर्षं ते खोलीत आले की मी उभी राहत आले. आत्ताही राहिले, याचाच मला पहिला राग येतो.

"बसा, सोनटक्के," ते म्हणतात.

मी बसत नाही.

राग कशाचा, ते सांगायला हवं. झाड दर वर्षी एक वलय धरतं. इतक्या उत्तरेला झाडाला वाढायला उन्हाळ्याचे सहा-सात आठवडेच मिळतात, म्हणून उन्हाळा उबदार गेला तर वलय रुंद, थंड गेला तर बारीक. जिवंत झाडांमधून तीन-चारशे वर्षं मागे जाता येतं. त्याच्या मागची वर्षं सरोवरांच्या तळाशी पडलेल्या ओंडक्यांत असतात. गार पाण्यात ते हजारो वर्षं कुजत नाहीत. जुन्या ओंडक्यांच्या बाहेरच्या वलयांची जिवंत झाडांच्या आतल्या वलयांशी जुळणी करत करत मागे जायचं, आणि कधीच कुणी न मोजलेल्या उन्हाळ्यांचं तापमान काढायचं. हे काम सरांनी मला शिकवलं. त्यांची मी एकुलती एक विद्यार्थिनी होते.

यात एक खोच असते. एखादा उन्हाळा इतका वाईट जातो की झाड वलय धरतच नाही, किंवा एका बाजूलाच धरतं. ते एक वलय मोजायचं राहिलं, की त्याच्या मागचं प्रत्येक वर्ष एकाने चुकतं. आमच्या मोजणीत असं एक राहिलं होतं, ते मला सापडलं. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. एका चकतीच्या एकाच कडेला, केसाएवढं. मी अकरा वेळा मोजलं आणि मग सरांना सांगितलं. शोधनिबंध छापायला जायला तेव्हा आठ दिवस होते. सर म्हणाले, परत मोजा. मी बाराव्यांदा मोजलं. निबंध होता तसाच गेला.

तीन वर्षांनी परदेशातल्या एका गटाने ती चूक दाखवली. पृथ्वी तापते आहे हे ज्यांना कबूलच करायचं नव्हतं, त्यांना तर हर्ष झाला. यांना धड मोजता येत नाही आणि हे आम्हाला हवामान सांगतात, असं ते सभासभांतून बोलले. सरांनी नियतकालिकाला पत्र लिहिलं, सुधारलेले आकडे दिले, आणि एक वाक्य घातलं. मोजणीचं काम एका विद्यार्थिनीने केलं होतं.

नाव नव्हतं. नावाची गरजच नव्हती.

पुढची नऊ वर्षं मी साताऱ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवला. एका मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी हसत विचारलं होतं, वर्ष हरवणाऱ्या बाई त्या तुम्हीच का? पुढे नवीन प्रयोगशाळा निघाली म्हणून मी परत या कामात आले. सर त्यावर कधी बोलले नाहीत. दर दिवाळीला वळणदार अक्षरातलं त्यांचं कार्ड मात्र यायचं. खाली 'सप्रेम'.

"दार लावून घ्या. धूळ उडते," सर म्हणतात.

मी दार लावायला वळते, तर ते आमच्या पुण्याच्या जुन्या प्रयोगशाळेचं दार असतं, खालची फळी उंदरांनी कुरतडलेलं. टेबलं तीच. खिडकीबाहेर रस्ता असायला हवा होता, तिथे सरोवर आहे, आणि पाणी काचेच्या अर्ध्यापर्यंत आलंय. मला त्याचं काही वाटत नाही. सरांनी चकती मायक्रोस्कोपखाली ठेवली आहे.

"बाहेर तापमान किती आहे?" ते विचारतात.

"एकतीस."

"इथे? जूनमध्ये?"

"तुम्हीच म्हणाला होतात, असं होईल म्हणून."

ते मान हलवतात. बरोबर निघाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर नाही. मला तो दिसायला हवा होता, म्हणजे चिडायला सोपं गेलं असतं. मी म्हणते, सर, लोकांनी वीस वर्षं आधी ऐकलं असतं. आपण चुकलो म्हणून त्यांना न ऐकायला निमित्त मिळालं. सर म्हणतात, ते तसेही ऐकणार नव्हते. मी म्हणते, असेल, पण निमित्त आपण दिलं. 'आपण' म्हणताना माझी जीभ अडखळते, कारण आम्ही नाही, त्यांनी दिलं.

पाणी आत येतं. गार नाही. आम्ही दोघं तळाशी उभे आहोत आणि भोवती ओंडके आडवे पडले आहेत, एकावर एक, दिसेल तिथपर्यंत. सर त्यांच्यामधून चालताहेत, वॉर्डातून राउंड घेणाऱ्या डॉक्टरसारखे, एकेकाला हात लावत. एका ओंडक्यापाशी थांबतात आणि तिथल्या लोखंडी पलंगावर आडवे होतात. नाकात नळी आहे. हे फेब्रुवारीतलं हॉस्पिटल आहे, पाचवा मजला.

त्या दिवशी मी इथे दीड तास बसले होते. ते शुद्धीवर होते. आता तरी ते काही बोलतील म्हणून मी स्टूल पुढे ओढलं होतं. ते म्हणाले, पंखा जरा कमी करा. मी कमी केला. तिसऱ्या दिवशी ते गेले.

आत्ता ते काही बोलायच्या आत मी पंखा बंद करते.

"मोजा," मी म्हणते.

"काय?"

"चकती आहे ना तुमच्याकडे? माझ्यासमोर मोजा. सालीपासून आत."

ते उठून बसतात. चकती पांघरुणावर आहे. टाचणीचं टोक एकेका वलयावर टेकवत ते मोजू लागतात, ओठ न हलवता, फक्त दर दहाला बारीक हुंकार देत. याच हुंकारावर मी मोजायला शिकले. त्यांचा हात अजून किती स्थिर आहे, हे पाहून मला रडू येईल असं वाटतं आणि त्याचाही राग येतो. टाचणी त्या जागेपाशी येते आणि पुढे जाते.

"परत."

ते मागे जातात. टाचणी परत पुढे जाते.

मी त्यांचं मनगट धरते. घट्ट धरते. आयुष्यात सरांना मी कधी हात लावला नव्हता, नमस्कारालासुद्धा वाकू द्यायचे नाहीत. त्यांचा हात ओढून मी टाचणीचं टोक त्या केसाएवढ्या रेघेवर आणते.

"हे."

"दिसतंय," ते म्हणतात.

"तेव्हा दिसलं होतं?"

नळीतून हवा येण्याचा आवाज येतो. मी हात सोडत नाही.

"तुम्ही सांगितलंत त्याच संध्याकाळी पाहिलं. तुम्ही घरी गेल्यावर."

"मग?"

"मग काय. निबंध थांबवला असता, तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. अठ्ठावन्न वर्षांचा होतो मी, सोनटक्के. पणाला माझं नाव होतं. तुमचं अजून नाव नव्हतंच."

"आणि ते पत्र?"

"ते नंतरचं. तोवर सोपं झालं होतं."

ते हे अगदी साधेपणाने म्हणतात. मी त्यांना सांगते की मला नऊ वर्षं मुलांकडून नकाशे भरून घ्यावे लागले. आई शेवटपर्यंत शेजाऱ्यांना सांगायची, प्रज्ञाने स्वतःहूनच सोडलं ते काम. माझ्या हाताने काढलेला प्रत्येक आकडा मी अजून रात्री उठून तपासते, आणि ती सवय तुमच्यामुळे लागली. मी ओरडते आहे, पण आवाज पाण्यातून यावा तसा बोदा येतो. ते ऐकून घेतात. त्यांनी मध्ये बोलावं, म्हणजे मला थांबता येईल, असं वाटतं.

"मी माफ करणार नाही," शेवटी मी म्हणते.

"ते मागायला आलो नाही."

"मग कशाला आलात?"

सर पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहतात. आता तेही रागावले आहेत. माझ्या आकड्यांत खाडाखोड दिसली की त्यांच्या नाकपुड्या अशाच फुगायच्या.

"माझ्या नावाने लाकडांचं संग्रहालय उघडताहेत. तुम्ही भाषण लिहिलंय. पाहिलं मी. काटेकोर काय, निःस्वार्थी काय. शिष्यांना मोठं केलं म्हणे मी. कोणते शिष्य?"

"मेलेल्या माणसाबद्दल तसंच लिहितात."

"झाडाबद्दल लिहाल असं?" ते म्हणतात. "खोटं मोजलंयत, सोनटक्के. परत मोजा."

"हे तुम्ही मला सांगणार?"

"मीच सांगणार. दुसऱ्या कुणाला हे इतकं ठाऊक आहे?"

मी आणखी जोराने धरते. खिडकीत ऊन आहे, सरोवर आहे, साताऱ्याच्या माझ्या वर्गाचा फळा आहे. सर म्हणतात, सोडा आता, दुखतंय. मी सोडत नाही. मी विचारते, किती दुखतंय? ते उत्तर देत नाहीत, आणि मला उत्तर हवं आहे, म्हणून मी धरून ठेवते, धरून ठेवते, आणि माझं स्वतःचंच कण्हणं ऐकून डोळे उघडतात.

पडद्यातलं ऊन जेमतेम हातभर सरकलंय. पावणेचार. स्वयंपाकघरात भांडी वाजताहेत. माझ्या उजव्या हाताने माझंच डावं मनगट धरलं आहे, आणि बोटं इतकी वळली आहेत की ती एकेक करून सोडवावी लागतात.

मी उठते, टेबलापाशी बसते. भाषण तीन पानी आहे. ते सगळं काढून टाकते आणि मला जे ठाऊक आहे तेवढंच लिहिते. स्वप्नातलं कबुलीचं बोलणं त्यात घालता येत नाही, त्याला पुरावा नाही. पण चूक मी कोणत्या तारखेला सांगितली, किती वेळा मोजली, निबंध कधी गेला, पत्रात कोणतं वाक्य होतं, हे आहे. आणि सरांइतकं बारीक मोजायला मला दुसऱ्या कुणी शिकवलं नसतं, हेही आहे. तेही खरं आहे, म्हणून ते काढून टाकायचा मोह मी आवरते. एक पानही भरत नाही. खाली लिहिते, वाचायचं असेल तर हेच वाचेन. संग्रहालयाच्या समितीला पाठवते. पाठवून झाल्यावरही राग गेलेला नाही. तो जाईल असं मी धरूनही चालले नव्हते.

आइला कॉफी घेऊन येते. कप ठेवताना थांबते आणि माझ्या हाताकडे पाहते. कुणी केलं, असं तिच्या तुटक इंग्रजीत विचारते. मी सांगते, मीच, झोपेत. तिला ते पटत नाही. ती जाऊन गार पाण्यात पिळलेलं फडकं आणते, माझ्यासमोर बसते, माझा हात उलटा करून टेबलावर ठेवते. मनगटाच्या आतल्या बाजूला चार बोटांच्या लाल खुणा आहेत, एकीखाली एक. वरच्या बाजूला अंगठ्याची आहे, ती आत्ताच निळी पडायला लागली आहे. आइला फडकं ठेवते तेव्हा दुखतं, चांगलंच दुखतं.