चवीपुरतं

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बाई बावीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. आता गुडघे पार झिजले होते. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, "आधी आठ किलो उतरवा, मगच ऑपरेशन." ऑपरेशन झालं नाही, तर शेगडीपुढे उभं राहणं वर्षभरात संपणार होतं.

म्हणून सुनेने वही सुरू केली. एका बाजूला सासूबाईंनी खाल्लेल्या कॅलरी, दुसऱ्या बाजूला खुर्चीत बसून केलेल्या व्यायामाने जाळलेल्या. हिशेबाने वजन उतरायलाच हवं होतं, पण तीन महिन्यांत ते तसूभर हललं नाही.

"आई, चोरून काय खाता?"

"तुझ्या गळ्याशपथ, काही नाही गं!"

एके दिवशी सून कॅन्टीनमध्ये जाऊन बसली. बाई प्रत्येक पातेल्यातलं चमचाभर तळहातावर घेऊन चाखत, मीठ घालून पुन्हा चाखत. सुनेने दुपारपर्यंत एक्केचाळीस चमचे मोजले.

"हे वहीत कुठंय?"

"ते काय खाणं झालं? ते काम आहे माझं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मदतनीस बाईला चाखायला लावलं. तिला सगळंच छान लागलं. दुपारी पहिला घास घेऊन एक कामगार ओरडला, "आज बाई रजेवर आहेत काय हो?"

बाई आतच उभ्या होत्या, ओट्याला धरून.

संध्याकाळी त्या सुनेला म्हणाल्या, "वही ठेवून दे. उभं राहवेल तितके दिवस राहीन."

सुनेने वही मिटली. बाई खुर्चीत बसल्या, पण व्यायामासाठी हातपाय हलवले नाहीत.