धागान् धागा दिसायला हवा

सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्याची वेबसाइट मी सांभाळायचो. दिवाळीची ऑनलाइन विक्री सकाळी सुरू झाली आणि तासाभरात साइट रांगायला लागली. सर्व्हर पाहिला, डेटाबेस पाहिला, होस्टिंगवाल्याशी फोनवर भांडलो. मालक मागे उभे राहून सारखं विचारायचे, "झालं का?" डोकं फिरलं होतं माझं. शेवटी कुठली फाइल किती वेळ खाते ते तपासलं, तर पहिल्याच पानावरचा चादरीचा फोटो अवाढव्य. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर तो अख्खा उतरत होता. धागान् धागा दिसावा म्हणून मालकांनीच तो तसा ठेवायला लावला होता. मी रागारागात तो लहान केला आणि साइट पळायला लागली. मालकांनी स्क्रीनवरच्या चादरीवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "ही तर आता कुणाच्याबी मागावरची वाटती की."