श्रावणाआधी दाढी विचारणारे सावेसाहेब

लेख पाठवायला फार उशीर झाला, त्याबद्दल गौरव समितीची आणि सावेसाहेबांची आधी माफी मागतो. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. लिहिलेलं पुन्हा वाचलं की काहीतरी चुकलंय असं वाटतं आणि कागद फाडतो. साहेबांच्या साठीच्या पुस्तकात चूक नको, ही एक धास्ती. दुसरी पुढे सांगतो.

श्री. रमाकांत सावे तलासरीच्या आमच्या रसायन कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून आले, तेव्हा मी रिकामे ड्रम धुण्याच्या कामावर होतो. तोंडाला ओला रुमाल बांधलेला. साहेब जवळ येऊन उभे राहिले.

"काका, रुमालाने काय होतं?"

"वास कमी लागतो, साहेब."

"तुमच्या मसोली गावात पिठाची चक्की आहे ना? चक्कीवाला पण फडकं बांधतो. संध्याकाळी फडकं सोडलं की त्याच्या मिशा कशा असतात?"

"पांढऱ्या."

"मग जे पिठाला अडवत नाही, ते वाफेला काय अडवणार?"

मी रुमाल सोडला. ही आमची पहिली ओळख.

साहेब नुसता मास्क हातात देत नसत. हवेत काय आहे, ते आधी विचारत. धूळ असेल तर धुळीचा मास्क, वाफ असेल तर तीच वाफ गाळणारा डबा लावलेला मास्क. एकाचा डबा दुसऱ्याला चालत नाही आणि जुना झालेला डबा कशालाच चालत नाही. टाकीत उतरायचं असेल तर आत श्वासापुरती हवा आहे का, ते यंत्राने बघायचं. नसेल तर कुठलाही डबा फुकट. तिथे बाहेरून नळीने हवा द्यावी लागते. एकदा एक ठेकेदार म्हणाला, "साहेब, पाच मिनिटांचं काम आहे, उतरू द्या की." साहेब टाकीच्या झाकणावर मांडी घालून बसले. "मग मी पण पाच मिनिटं बसतो," म्हणाले. हवेची नळी आली तेव्हाच उठले. तोवर चहा दोनदा झाला होता.

माझं ऑपरेशन झालं तेव्हा साहेब बोर्डीहून आपल्या वाडीतले चिकू घेऊन दवाखान्यात आले होते. माझी भीती बघून म्हणाले, "काका, चिकू पिकायच्या आत तुम्ही घरी." तसंच झालं. माझा मुलगा हरेश तोपर्यंत त्याच कारखान्यात लागला होता. मी बरा व्हावा म्हणून त्याने नवस केला की दरवर्षी श्रावण पाळीन, महिनाभर दाढीला वस्तरा लावणार नाही.

दाढीवर मास्क बसत नाही. केसांच्या फटीतून हवा आत येते. पण आमच्याकडे श्रावणात अर्धा कारखाना दाढीवाला. त्यावर पोरांनी उपाय काढला होता, दाढीला खोबरेल तेल चोपडायचं म्हणजे मास्क चिकटून बसतो. साहेबांनी हरेशला बोलावलं, तेल लावलेल्या दाढीवर मास्क चढवायला लावला, डोक्यावरून तोंड झाकेल असं टोपडं घातलं आणि टोपड्याच्या आत कडू पाण्याचा फवारा मारला. मास्कच्या फटीतून काही आत येतं का, ते तपासायचाच तो फवारा असतो.

"काय लागतंय?"

"कडू," हरेश म्हणाला.

"तेल खोबऱ्याचं आणि चव कारल्याची. जा, सगळ्यांना सांग."

हरेशला महिनाभर बाहेर गोदामात पाठवलं. मला ती नवसाची शिक्षा वाटली, राग आला. साहेब घरी आले तेव्हा मी म्हटलं, "देवाचं काम आहे, साहेब."

"मी कुठे नाही म्हणतो? दाढी देवाला द्या आणि महिनाभर आत जाऊ नका. दोन्ही पाळता येतं, काका."

तेव्हापासून दरवर्षी श्रावण लागायच्या आधी साहेब खात्याखात्यांत फिरून विचारत, "यंदा कोण ठेवणार?" ठेवणाऱ्यांना बाहेरचं काम. वरचे अधिकारी थट्टा करत, "सावे, न्हाव्याचं दुकान काढलंय का?" साहेब हसत आणि पुढच्याला विचारत. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. कुठल्या फलकावरही ते लिहिलेलं नाही.

माझी दुसरी धास्ती ती हीच. साहेब श्रावणाआधी निवृत्त होत आहेत. यंदा विचारणार कोण? परवा हरेश जेवताना म्हणाला, नव्या माणसांना बाहेरची कामं दिलीत, जुन्यांना आतच राहावं लागेल. मी म्हटलं, मग यंदा दाढी कर. तर म्हणतो, "बाबा, तुमच्यासाठी धरलंय, तुम्हीच सोडायला सांगता? तेल लावीन, बसतो मास्क." कारल्याची चव विसरला. मी बरा राहावा म्हणून तो दाढी राखणार आणि ती दाढी घेऊन आत जाणार.

सावेसाहेबांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. बोर्डीच्या वाडीत, समुद्राच्या वाऱ्यावर, कुठलाही डबा न लावता त्यांनी पुष्कळ वर्षं मोकळा श्वास घ्यावा, एवढंच मागणं.

समितीला विनंती, पुस्तक छापून येईपर्यंत थांबू नका. हा शेवटचा भाग साहेबांना आजच वाचून दाखवा. साहेब, जाण्याआधी तेवढी एक फेरी मारा, आणि जो तुमच्या जागी येईल त्याला सोबत घ्या. हरेश माझं ऐकत नाही, तुमचं ऐकतो. फेरी केव्हा मारणार, तेवढा निरोप मसोलीला लवकर धाडा. मी ओटीवरच बसलेला असतो.