एकट्या पक्ष्याला आरसा फुकट

माझ्या कुलपं-किल्ल्यांच्या दुकानाला लागूनच त्याचं पक्ष्यांचं दुकान. सगळी गल्ली त्याला शीळ्या म्हणते, कारण तोंडात घास नसेल तेव्हा हा माणूस शीळ घालत असतो. डोक्याला ताप नुसता! वर मलाच विचारायचा, "ओळख, कुठला पक्षी?" मी म्हणायचो, "तूच. दुसरा कोण एवढा कटकट्या?"

माणूस मात्र लाघवी. राळ्याचे चार दाणे हातात घेऊन पिंजऱ्याशी असं काही बोलायचा की गिऱ्हाईक पक्षी घेतल्याशिवाय हलत नसे. छोटे हिरवे-पिवळे बजी पोपट त्याच्याकडे सगळ्यात जास्त खपायचे. या धंद्यात एक ठरलेली रीत आहे. पक्षी बोलका हवा असेल तर एकटाच द्यायचा. जोडीतले पक्षी आपसात बोलत बसतात, माणसाला विचारतसुद्धा नाहीत. आणि एकटा पक्षी घेतला की पिंजऱ्यात टांगायला इवलासा आरसा फुकट. आरशातला सोबती बघून पक्षी रमतो म्हणे. आरशावर सारखे ओले दाणे चिकटतात अशी तक्रार घेऊन कुणी आलं, तर शीळ्या आरसा फडक्याने पुसून द्यायचा आणि डोळा मारून म्हणायचा, "प्रेमात पडलाय हो तुमचा!" मीही दात काढायचो.

एकदा एक बाई आरसा परत घेऊन आल्या. सोबत पक्ष्यांवरचं एक जाडजूड पुस्तक. दोन्ही काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "आधी हे वाचा, मग पक्षी विका," आणि चालत्या झाल्या.

शीळ्याचा पारा चढला. "माझा बाप पक्षी विकत होता. ही मला शिकवणार?" पुस्तक उघडलं ते निव्वळ चुका काढायला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की वाचायचा आणि तावातावाने माझ्याकडे यायचा. हे चूक, ते चूक, लिहिणाऱ्याने जन्मात पिंजरा धुतलेला नाही. मग हळूहळू त्याच्या फेऱ्या कमी झाल्या. एका दुपारी शीळ अजिबात ऐकू येईना, म्हणून मी डोकावलो. शीळ्या स्टुलावर बसला होता, पुस्तक मांडीवर उपडं.

"काय रे, तब्येत बरी आहे ना?"

"ते दाणे," तो म्हणाला. "तो आरशातल्याला भरवतो. खाल्लेलं वर काढून चारतो. समोरचा खात नाही, तरी पुन्हा पुन्हा चारतो. आणि मी फडकं मारून म्हणायचो, प्रेमात पडलाय."

"एवढं काय मनाला लावून घेतोस? पाखरं ती."

त्याने पुस्तक मिटलं. दुकानातले सगळे आरसे काढले, एकेकट्या पक्ष्यांच्या जोड्या लावल्या. मला वाटलं, मिटलं. पण त्याचा चेहरा काही खुलेना. शेवटी माझ्याकडे येऊन म्हणाला, "आईला मी टीव्ही घेऊन दिलाय."

हे मला नव्याने सांगायची गरज नव्हती. वडील गेल्यापासून त्याची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एकटी राहायची. तिने एकदा विचारलं होतं, "तुमच्याकडे येऊ का रे राहायला?" हा म्हणाला, "अगं, आम्ही नवरा-बायको दोघंही दिवसभर बाहेर, तू एकटी पडशील. त्यापेक्षा टीव्ही घेऊन देतो." भिंत भरेल एवढा टीव्ही. त्यानंतर कुणीही विचारलं, की ठरलेलं उत्तर, आई मस्त रमलीये. मलाही ते बरोबरच वाटायचं.

"लाज वाटतेय रे," तो म्हणाला. "तिला काय तोंड दाखवू?"

"तोंडच दाखव," मी म्हणालो. "तेवढंच तर दाखवलेलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी दुकानं बंद ठेवून आम्ही तिला आणायला निघालो. सामान उचलायला हात हवेत म्हणून मला घेतलं, असं तो म्हणाला. खरं तर एकट्याने जायची त्याची छाती होत नव्हती. वाटभर मला विचारत होता, ती नाही म्हणाली तर?

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आईचा आवाज आला, "आज गुडघा बरा आहे हं. पण तुझा घसा बसलाय का गं?" पाहुणी असेल म्हणून आम्ही उंबऱ्यातच थांबलो. आत बघतो तर खोलीत दुसरं कुणी नव्हतं. टीव्हीवर एक तरुण मुलगी बातम्या देत होती, आणि आई खुर्ची पुढे ओढून तिच्यासमोर बसली होती. आमची चाहूल लागली तशी ती आधी पडद्याकडेच वळली. "थांब हं जरा, माझा मुलगा आलाय."

शीळ्याचे कान लाल झाले. त्याला वर बघवेना. मी परका माणूस, पण मलाही कुठे बघावं कळेना.

"आई, तू तिच्याशी बोलतेस?"

"वेड नाही लागलेलं मला," आई म्हणाली. "तिला ऐकू जात नाही, एवढं कळतं. पण ती रोज येते."

तो तिच्या खुर्चीपाशी खालीच बसला. काहीतरी बोलायचं ठरवून आला होता, वाटेत मला दोनदा म्हणूनही दाखवलं होतं. ते सगळं राहिलं. एवढंच म्हणाला, "आई, घरी चल. कायमची."

आईने त्याच्याकडे नीट पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे.

"येईन की," ती म्हणाली. "पण हिच्या बातम्या संपू देत. तेवढा वेळ थांबता येईल ना तुला?"