शनिवारचं जादा मत

निवडणुकीचे निकाल फाइलमध्ये जातात आणि तिथेच राहतात. किस्से मात्र गाडीच्या डिकीतल्या वाळूसारखे असतात. कितीही झाडा, पुढच्या वेळी सामान ठेवताना हाताला लागतातच. कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाची निवडणूक अधिकारी म्हणून मी सहा वर्षं काम केलं. त्यातला एखादाच निकाल मला आज धड आठवतो. किस्से सगळे आठवतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कुवेतमध्ये आम्ही परके, म्हणून मत नाही. भारतात राहत नाही, म्हणून तिथल्या यादीत नाव नाही. आम्हाला मत देता येईल अशी जगात एकच जागा होती, ती म्हणजे मंडळ. त्यामुळे लोकशाहीची सगळी भूक आम्ही तिथेच भागवत असू!

*

मंडळात गट दोन. त्यांच्यातल्या वैचारिक भेदाचा शोध मी प्रामाणिकपणे घेतला; सापडला नाही. रिफायनरीतल्या इंजिनिअरांना गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे, म्हणून त्यांना कार्यक्रम गुरुवारी हवेत. दुकानं चालवणाऱ्यांना सुट्टी फक्त शुक्रवारी, म्हणून त्यांना शुक्रवारी. झाले दोन गट! गुरुवार गटाचे पुढारी मोहनराव, मूळ नाशिकचे, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर. शुक्रवार गटाचे इक्बालभाई, मूळ रत्नागिरीचे, फहाहीलमध्ये पडद्याच्या कापडाचं दुकान.

मग एके वर्षी सरकारने साप्ताहिक सुट्टीच बदलून शुक्रवार-शनिवार केली. आता गुरुवारी इंजिनिअरांनाही काम. वाद मिटला, असं समजून मी मोहनरावांचं अभिनंदन केलं.

"वहिनी," ते शांतपणे म्हणाले, "सुट्टी सरकारची होती. गट आमचा आहे."

*

लग्नाआधी मी पुण्याला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत असे. अधिकारीपद मला त्या जोरावर मिळालं, असा माझा बरेच दिवस समज होता. तो इक्बालभाईंनी दूर केला.

"तसं नाय, वहिनी. तुम्ही आम्हा दोघांच्याही चुका काढता. असं माणूस शोधून मिळायचं नाय!"

मोहनरावांच्या चुका मी जरा जास्त काढत असे, हेही नमूद करते. त्यांचे ठराव लांब असत, आणि लांब ठरावात चुकांना जागा जास्त.

*

पूर्वी मंडळात एका कुटुंबाला एकच मत होतं. ते 'कुटुंबप्रमुखाने' द्यायचं, आणि तो कामावर असेल तर पत्नीने. एका वर्षी रिफायनरीत शटडाऊन होता, म्हणजे प्लँट बंद ठेवून दुरुस्ती, त्यामुळे निम्मे कुटुंबप्रमुख ड्यूटीवर. त्या दिवशी प्रथमच बायकांची रांग लागली. एक बाई मत देऊन बाहेर येतात तोच त्यांच्या नवऱ्याचा फोन आला.

"अगं, मी कुणाला मत दिलं?"

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय करायचंय?"

त्या निवडणुकीत गुरुवार गट सपाटून हरला. पुढच्याच सभेत मोहनरावांनी 'एक माणूस, एक मत' असा ठराव मांडला. लोकशाहीचा विस्तार नेहमी तत्त्वासाठीच होतो, असं नाही.

*

"एक माणूस म्हणजे कितव्या वर्षापासून?" त्या सभेत मागच्या रांगेतून आवाज आला. मोहनरावांचीच मुलगी, सायली. वय सतरा.

"अठरा पूर्ण," मी म्हटलं.

दोन्ही गटांनी हात वर केले. मंडळाच्या इतिहासातला हा पहिला एकमताचा ठराव! मोहनराव मला हळूच म्हणाले, "मुलं आमच्याच घरातली. मतं कुठे जातात?" पाच मिनिटांनी इक्बालभाई म्हणाले, "पोरं बापाचं कधी ऐकतात काय? म्हणजे ती आमचीच!"

सायलीने मात्र दुसऱ्या दिवशी माझ्या महबूल्याच्या फ्लॅटची बेल वाजवली.

"काकू, इलेक्शन सप्टेंबरमध्ये असतं. अठरा झाले की आम्ही सगळे जूनमध्ये कॉलेजला इंडियाला जातो. मग व्होट करणार कोण? दॅट्स नॉट फेअर!"

माझ्यासारख्या चुका काढणारीच्या हे लक्षातही आलं नव्हतं. इथे जन्मलेल्या मुलांना आम्ही हक्क दिला होता, आणि तो वापरायच्या वेळी ती इथे नसतील अशीही व्यवस्था करून ठेवली होती.

सायलीने सह्या गोळा केल्या. निवडणूक जूनच्या पहिल्या शुक्रवारी आणली.

*

प्रचाराला ऊत आला. गुरुवार गटाने तरुणांना पिझ्झा दिला, शुक्रवार गटाने बिर्याणी. तरुणांनी दोन्ही खाल्लं आणि दोघांनाही हॉलवर चर्चेला बोलावलं.

"तुमच्यात डिफरन्स काय आहे?" सायलीने विचारलं.

मोहनरावांनी इक्बालभाईंकडे पाहिलं. इक्बालभाईंनी पंख्याकडे.

"आमची परंपरा गुरुवारची आहे," मोहनराव म्हणाले.

"बाबा, गुरुवारी तुम्हीच ऑफिसला असता!"

हॉल हसला. मोहनराव हसले नाहीत.

*

आता शेवटचा किस्सा. मतदानाच्या आदल्या दिवशी मी यादी तपासली. सायलीचा अठरावा वाढदिवस शनिवारी होता. मतदान शुक्रवारी.

"काकू, वन डे!"

"तारीख तूच बदलून घेतलीस, बाळा."

ती रडली नाही. मी नाही म्हणाले; नंतर रात्रभर मला झोप मात्र आली नाही.

शुक्रवारी दोन्ही गटांनी आजारी माणसंसुद्धा गाडीत घालून आणली. अध्यक्षपदाला मोहनराव आणि इक्बालभाई यांना समसमान मतं पडली! मंडळाच्या घटनेत लिहिलं होतं, 'समान मतं पडल्यास दुसऱ्या दिवशी फेरमतदान.' दुसरा दिवस शनिवार. सायली अठरा वर्षांची. संध्याकाळी तिचं पुण्याचं विमान.

शनिवारी सकाळी तीच माणसं, तेच चेहरे, त्याच मतांवर ठाम. जादा मत एकच. बॅगा गाडीत ठेवून सायली हॉलवर आली, तेव्हा सगळ्यांनी तिला वाट करून दिली.

"आता काय, घरचंच आहे," मोहनराव मोठ्याने म्हणाले. आवाज हवा तितका मोठा लागला नाही.

इक्बालभाई जवळ आले. "काय गो पोरी, बापालाच दे मत. विमानतळावर त्याला रडवू नको."

सायलीने माझ्याकडे पाहिलं, आणि मला ते कळलं. मतदान गुप्त होतं, पण तिचं मत गुप्त नव्हतं. काल बरोबरी; आज एकच मत वाढणार. निकाल वाचताच ते कुणाला पडलं, हे तिच्या वडिलांसह साऱ्या हॉलला कळणार होतं. त्या मुलीने वर्षभर भांडून जे मिळवलं, ते मतच नव्हतं.

ती पडद्यामागे गेली, घडी घातलेली चिठ्ठी पेटीत टाकून आली. मी यादीत माझं स्वतःचं नाव शोधलं, त्यापुढे सही केली आणि एक कोरी मतपत्रिका उचलली.

"वहिनी, तुम्ही तर कधी मत देत नाही!" मोहनराव म्हणाले.

"देत नव्हते. मनाई कुठे आहे?"

पुण्यात शिकवत असताना माझं नाव माहेरी, साताऱ्याच्या यादीत होतं. मग लग्न, मग कुवेत. मताधिकारावर कितीतरी व्याख्यानं दिलेल्या बाईचं आयुष्यातलं ते पहिलं मत.

मोजणी झाली. पुन्हा बरोबरी! म्हणजे आम्हा दोघींची मतं दोघांना एकेक; कुणाचं कुणाला, ते कळायला मार्ग नाही.

हॉलभर माना सायलीकडे वळल्या, मग माझ्याकडे, मग परत सायलीकडे. ती माझ्या पाया पडली, इक्बालभाईंच्या पडली आणि वडिलांचा हात धरून गाडीत बसली. तिसरं मतदान कुणालाच नको होतं; अध्यक्षपद दोघांनी एकेक वर्ष वाटून घेतलं.

रविवारी संध्याकाळी मोहनराव बर्फीचा डबा घेऊन आमच्या दारात उभे. डोळे जागरणाने लाल, चेहरा मात्र उजळलेला.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही मला मत दिलं नाहीत, त्याबद्दल मनापासून आभार!"

मी डबा घेतला आणि चहा ठेवला.